रेलून चालवायची सायकल: पाठीला आराम, पण डोळ्यांचं काय?

रस्त्याने एखादी रिकंबंट गेली की लोक वळून बघतातच. पाय पुढे, पाठ मागे टेकलेली, माणूस अर्धवट आडवा, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू गच्चीत आरामखुर्ची टाकून बसलाय. बघणाऱ्याच्या मनात लागोपाठ दोन गोष्टी येतात. पहिली, "मजा आहे बुवा याची!" आणि दुसरी, "हा एखाद्या ट्रकखाली जाणार."

दोन्हींत तथ्य आहे. गंमत अशी की दोन्हींचा उगम एकाच जागी आहे: पाठीचा टेका जमिनीशी किती अंशांचा कोन करतो, तिथे. सायकलवाले मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवतात. सीटची चर्चा करताना फक्त पाठ आणि कंबर, सुरक्षिततेची चर्चा करताना फक्त दिवे आणि हेल्मेट. मीही तेच केलं होतं, आणि पहिले काही महिने सायकल माझ्या पाठीला अगदी हवी तशी आणि रस्त्याला अगदी नको तशी लावून फिरत होतो.

## आधी ओळख करून घेऊ

रिकंबंट म्हणजे रेलून चालवायची सायकल. बसायला खोगीरासारखी अरुंद सीट नसते, पाठीसकट टेकता येईल अशी खुर्ची असते. पेडल पायांच्या खाली नसून समोर असतात. ती दोन चाकांची असते किंवा तीन. तीन चाकांच्या सायकलीला ट्राइक म्हणतात. पुढे दोन आणि मागे एक चाक असेल तर ती टॅडपोल, म्हणजे बेडकाचं पिल्लू, कारण वरून पाहिलं तर डोकं मोठं आणि शेपूट बारीक दिसते. पुढे एक, मागे दोन असतील तर डेल्टा. पेडल ज्या नळीच्या टोकाला बसवलेले असतात तिला बूम म्हणतात. ती आतबाहेर सरकवून सायकल आपल्या पायांच्या मापाची करता येते. एवढे शब्द पुरेत.

व्यायामशाळेत टेकून बसायची जी सायकल असते तीही याच कुळातली. आरामाविषयीचं पुढचं बरंचसं तिलाही लागू आहे, फक्त तिला ट्रकची भीती नाही.

## साध्या सायकलवर दुखतं ते का?

चिखलातून जायचं असेल तर आपण फळी टाकतो. वजन तेवढंच असतं, पण ते मोठ्या जागेवर पसरलं की पाय रुतत नाही. साधी सायकल म्हणजे फळीविना चिखल. धडाचं बहुतेक वजन बैठकीच्या दोन हाडांवर, म्हणजे तळहातापेक्षाही लहान जागेवर येतं. सीटचं नाक मांड्यांच्या मधल्या नाजूक नसांवर दाब देतं. पुढे वाकलं की थोडं वजन तळहातांवर जातं, मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण त्या बोटांची नस तळहाताच्या नेमक्या त्याच कडेने जाते. आणि पुढे वाकूनही रस्ता तर बघायलाच हवा, म्हणून मान मागे मुडपलेली राहते.

रिकंबंटने या चारही तक्रारी एका फटक्यात निकालात काढल्या. वजन पाठ, कंबर, नितंब सगळीकडे वाटलं जातं, हात मोकळे राहतात, मान सरळ राहते. ज्यांचं पाठीचं किंवा मनगटाचं दुखणं जुनं आहे असे कित्येक जण याच कारणाने इकडे वळतात.

## कोन बदलला की वजन कुठे जातं

आता थोडं गणित, पण भिऊ नका. पाठीचा टेका जमिनीशी करतो तो कोन धरू. ९० अंश म्हणजे शाळेतला बाक, ० म्हणजे अंथरूण. धडाचं वजन दोन वाटांनी उतरतं. काही भाग टेक्यावर काटकोनात दाबला जातो, काही भाग टेक्याला समांतर घसरत खाली सीटच्या तळाकडे जातो.

टेका ६० अंशांचा असेल तर धडाच्या वजनाच्या साधारण ५० टक्के दाब पाठीवर येतो आणि ८७ टक्के खालच्या दिशेने नितंबांकडे. टेका ४० अंशांपर्यंत झुकवला की पाठीवर ७७ टक्के, खाली ६४ टक्के. (बेरीज शंभराच्या वर जाते म्हणून चमकू नका. दोन दाबांच्या दिशा वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही.) घर्षण आणि सीटचा बाक यांमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे सरकतील, पण कल कायम राहतो: जितके मागे रेलाल तितका भार नितंबांवरून उठून पाठीवर पसरेल.

हे महत्त्वाचं का, तर रिकंबंटवाल्यांचं सर्वांत जुनं दुखणं नितंबांचंच आहे. साध्या सायकलवर तुम्ही हाडांवर बसता, नितंबांचे स्नायू बऱ्यापैकी मोकळे असतात. इथे तुम्ही त्या स्नायूंवरच बसता आणि पेडल मारायला त्यांनाच जुंपता. ज्याच्या खांद्यावर पोतं, त्यालाच दोर ओढायला लावल्यासारखं. तासाभराने खोल आत जळजळ सुरू होते, उतरून दोन मिनिटं चाललं की थांबते, परत बसलं की परत. टेका थोडा मागे घेतला की बहुतेकांना इथे फरक पडतो.

## मग सरळ आडवंच का होऊ नये?

कारण पाठीबरोबर डोळेही खाली जातात.

तोच हिशेब डोळ्यांचा करून पाहू. बसल्यावर सीटपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर साधारण ७५ सेंटीमीटर धरा, आणि सीट जमिनीपासून ३० सेंटीमीटर, म्हणजे नेहमीच्या ट्राइकसारखी. टेका ६० अंशांवर असताना डोळे जमिनीपासून सुमारे ९५ सेंटीमीटरवर असतात. ४० अंशांवर ते ८० च्या आसपास येतात. पंधरा सेंटीमीटर म्हणजे एक वीत सुद्धा नाही. एवढ्याने काय बिघडतं?

समोर तुमचेच पाय आहेत, हे विसरू नका. वर आलेल्या पावलाची बोटं जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर आणि डोळ्यांच्या १.२ मीटर पुढे आहेत असं समजा. पावलाच्या शेंड्यावरून नजर जिथे जमिनीला टेकते, त्याच्या अलीकडचा रस्ता पायाआड असतो. ९५ सेंटीमीटरवरच्या डोळ्यांना हा झाकलेला पट्टा सुमारे साडेचार मीटरचा पडतो. ८० सेंटीमीटरवरच्या डोळ्यांना साडेनऊ मीटरचा. डोळे वीतभरही खाली आले नाहीत आणि न दिसणारा रस्ता दुप्पट झाला! ताशी २५ किलोमीटरने जाताना साडेनऊ मीटर दीड सेकंदाच्या आत संपतात. एखादा खड्डा एकदा त्या पट्ट्यात शिरला की तो तुम्हाला डोळ्यांनी कळणार नाही, पाठीच्या कण्याने कळेल.

पाय वरखाली होत असतात, दोन्ही पायांच्या मधूनही थोडं दिसतं, त्यामुळे पट्टा सलग आंधळा नसतो. तरीही या सायकलवर नजर कायम दूर ठेवायची सवय लावावी लागते. खड्डा लांबून हेरायचा, लक्षात ठेवायचा, आणि तो दिसेनासा झाल्यावरही त्याला चुकवायचं. ट्राइकवर तर तीन चाकांच्या तीन वेगळ्या रेघा असतात. एक चाक वाचवावं तर दुसरं नेमकं त्यात.

शिवाय साध्या सायकलवर खड्डा आला की आपण सीटवरून किंचित उठतो, गुडघे धक्का गिळतात. इथे उठायची सोयच नाही. म्हणून सीटची गादी वाढवण्याआधी टायर जरा रुंद घ्या आणि त्यातली हवा थोडी कमी ठेवा (टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, अर्थात). माझ्या अनुभवात कोणत्याही उशीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

## जाळी बरी की कवच?

सीटचे मुख्य प्रकार दोन. एक जाळीची: चौकटीवर कापडी जाळी ताणून मागून पट्ट्यांनी आवळलेली. दुसरी कडक कवचाची: फायबरग्लास किंवा कार्बनचा घडवलेला बाक, त्यावर फोम.

जाळी ही मुळात झोळी आहे. अंगाप्रमाणे आकार घेते, हवा खेळती ठेवते, धक्केही थोडे शोषते. पण झोळीसारखीच ती सैलावतेही. माझ्या ट्राइकवर पहिल्या महिन्यात मला कंबरेत काहीतरी टोचायचं. मी सीटलाच दोष देत होतो. एकदा सायकल आडवी करून मागून पाहिलं तर खालच्या पट्ट्या इतक्या ढिल्या झालेल्या की जाळी मागच्या आडव्या नळीला टेकत होती, आणि तिथे कापड घासून चकचकीत झालं होतं. पट्ट्या एकसारख्या आवळायच्या नसतात, हे तेव्हा कळलं. कंबरेच्या बाकाशी घट्ट, खांद्यापाशी मध्यम, बैठकीच्या हाडांखाली थोडी सैल, पण नळीला लागणार नाही इतपत. एका बैठकीत हे जमत नाही. एक पट्टी एक बोट आवळायची, अर्धा तास चालवायचं, मग पुढची.

कवचाची सीट या भानगडीतून सोडवते. ती ढिली होत नाही, हलकी असते आणि पेडलला दिलेला जोर वाया घालवत नाही. मात्र तिचा बाक तुमच्या कण्याच्या बाकाशी जुळलाच पाहिजे. माप चुकलं तर फोमचे कितीही थर घाला, ते मापाबाहेरच्या बुटात मोजे चढवल्यासारखं आहे. शिवाय पाठ घामाने चिंब होते. त्यासाठी फोमऐवजी जाळीदार, आरपार हवा जाणाऱ्या जाड गाद्या मिळतात. त्या घ्याव्यात.

अगदी मागे रेललेल्या सीटवर मानेला उशी लागते, आणि तिथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कवचाची कंपनं उशीतून थेट डोक्यात जातात. खडबडीत रस्त्यावर डोकं उशीला टेकवून बघा: समोरचं दृश्य थरथरतं, आरशातली गाडी म्हणजे नुसता रंगाचा डाग. उशी विश्रांतीपुरती. रस्ता खराब झाला की मान उशीपासून सुटी करायची. ती सुटी ठेवताना मान दुखत असेल, तर टेका तुमच्या मानेच्या ताकदीपेक्षा जास्त मागे गेलेला आहे.

## "आरामाची सायकल ना? मग माझे पाय का झोपले?"

नव्या रिकंबंटवाल्याचा हा ठरलेला प्रश्न. पाऊल वर, जवळपास कंबरेच्या पातळीला असतं, त्यामुळे रक्ताला तिथवर चढून जावं लागतं. त्यात चवड्यावर सतत दाब. आधी अंगठ्याला मुंग्या, मग सगळी बोटं बधिर, आणि काहींना तळव्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग.

बूट पेडलमध्ये अडकवायची जी पट्टी असते, ती क्लीट, ती टाचेच्या बाजूला सरकवा. बुटाची नाडी सैल करा. आणि मुख्य म्हणजे जड गिअरमध्ये रेटणं सोडा, हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवा. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या जमल्या तर उत्तम.

रेटणं सोडा, हे मी पायांच्या बोटांपेक्षा गुडघ्यांसाठी जास्त कळकळीने सांगतो. साध्या सायकलवर पेडलवर फार जोर दिला तर तुम्ही सीटवरून उचलले जाता, म्हणजे तुमचं वजनच जोराला लगाम घालतं. इथे मागे भिंत आहे. पाठ टेकवून तुम्ही स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त जोर लावू शकता, आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. चढावर हा मोह अनावर होतो. चढ हळू चढा, कोणी हसलं तर हसू दे.

बूमचं मापही त्याचसाठी नेमकं हवं. बूट घालून बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत दूर गेलेलं असताना पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, पण कंबर हलता कामा नये. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो. बूम जवळ राहिली तर गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतं, लांब गेली तर गुडघ्यामागे आणि टाचेच्या शिरेला. साध्या सायकलवर माप थोडं चुकलं तर आपण नकळत पुढेमागे सरकून जुळवून घेतो. इथे पाठ जखडलेली असल्यामुळे एका सेंटीमीटरचीही चूक रोज तेवढीच भोवते. आणि टेक्याचा कोन बदललात की बूम पुन्हा तपासा, कारण कंबर जागची हललेली असते.

## इतक्या खाली बसल्यावर गाडीवाल्यांना दिसणार कसं?

हा रास्त प्रश्न आहे, पण तो दोन प्रश्नांचा गुंता आहे. एक, तुम्ही त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येता का? दोन, आलात तर त्यांचं तुमच्याकडे लक्ष जातं का?

मोकळ्या रस्त्यावर पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. रस्त्यावर रंगवलेले पट्टे तर जमिनीलाच चिकटलेले असतात, तेही दिसतात. पण मध्ये काही आलं की गणित बदलतं. अमेरिकेत रस्त्यांची आखणी करताना मोटारचालकाचा डोळा रस्त्यापासून १.०८ मीटर उंचीवर धरतात. उंच सीटच्या रिकंबंटवर ६० सेंटीमीटरची सीट आणि ६० अंशांचा टेका असेल तर तुमचे डोळे सव्वा मीटरवर येतात, म्हणजे गाडीवाल्याच्या नजरेला नजर. बुटक्या ट्राइकवर तुम्ही पार्क केलेल्या गाडीमागे, झुडपामागे, दुभाजकामागे पूर्ण झाकले जाता. आणि उंच बॉनेटच्या गाडीच्या किंवा ट्रकच्या अगदी पुढ्यात असाल तर चालकाच्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नसता. सिग्नलला अशा वाहनाच्या नाकाखाली जाऊन थांबू नये. मागे थांबावं, रांगेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं. चालकाचा मेंदू ओळखीचे आकार शोधत असतो: गाडी, मोटरसायकल, उभा सायकलस्वार. तुमचा आकार त्याच्या यादीत नाही. काही जण या नवलाईमुळेच थबकतात आणि लांबून वळसा घेतात, हा बहुतेक रिकंबंटवाल्यांचा अनुभव आहे, माझाही. पण जे थबकले तेच आपल्याला आठवतात. ज्याने पाहिलंच नाही त्याचा चेहरा आपण कधी पाहिलेला नसतो. त्यात लहान आकाराची वस्तू आहे त्याहून उशिरा पोहोचेल असं मेंदूला वाटतं, म्हणून चौकात "अजून वेळ आहे" असा चुकीचा अंदाज होतो.

इथे दोन डॅनिश अभ्यास उपयोगी पडतात. ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलीवर दिवसाही कायम चालू राहणारे दिवे होते, त्यांचे जखमी होण्याचे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. नंतरच्या दुसऱ्या प्रयोगात ६,७९३ जणांपैकी काहींना भडक पिवळी जाकिटं दिली. त्यांचे दुखापतीचे अपघात ४७ टक्क्यांनी कमी निघाले. जाकीटवाले आपले अपघात कमी नोंदवत असावेत अशी शंका आल्यावर संशोधकांनी ती चूक वजा केली, तरी फरक ३८ टक्के उरला.

पण थांबा. हे सगळे नेहमीच्या उभ्या सायकलवरचे लोक होते. तुम्ही तेच जाकीट घालून रिकंबंटवर बसलात की त्याची पाठ सीटआड जाते! मागून येणाऱ्याला दिसते ती काळी जाळी किंवा काळं कवच. तसंच रात्रीचं: घोट्यावर आणि गुडघ्यावर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बांधल्या तर पायांची वरखाली हालचाल पाहून चालकाला चटकन "हा माणूस आहे" हे कळतं. रिकंबंटवर समोरच्याला आणि बाजूच्याला ती छान दिसते, मागच्याला मात्र सीटमुळे जवळपास काहीच नाही. म्हणून पिवळं कापड आणि रिफ्लेक्टर सीटच्या पाठीमागे लावा, अंगावर घालूनच थांबू नका. मागचा दिवा शक्यतो सीटच्या वरच्या कडेला. दोन दिवे असतील तर एक लुकलुकता, एक स्थिर: लुकलुकता लक्ष वेधतो, स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज येतो.

## झेंडा लावला की झालं ना?

झेंडा हवाच. लवचीक काठीवर, टोक दीड मीटरच्या वर. झुडपावरून, उभ्या गाडीवरून तो डोकावतो आणि हलतो, म्हणून नजर खेचतो. पण त्याला काय जमत नाही तेही माहीत असावं. सपाट त्रिकोणी झेंडा वाऱ्याने मागे फडकत असतो, म्हणजे बाजूने मोठा आणि नेमका मागून बघणाऱ्याला कडेसारखा बारीक. त्यापेक्षा गोल पिशवीसारखा, वाऱ्याने फुगणारा झेंडा सगळीकडून सारखा दिसतो. अंधारात दोन्ही सारखेच निरुपयोगी.

## मागचं कोण बघणार?

रिकंबंटवर मागे वळून बघणं म्हणजे खुर्चीत बसून स्वतःची पाठ बघणं. खांदे टेक्यात रुतलेले, मान जास्तीत जास्त बाजूपर्यंत. आरसे म्हणूनच इथे सजावटीत मोडत नाहीत. दोन्ही बाजूंना लावा. बहिर्वक्र आरशात जास्त रुंद दृश्य मावतं, पण गाडी असते त्याहून लांब वाटते. रहदारीच्या बाजूला सपाट आणि दुसरीकडे बहिर्वक्र, ही जोडी मला मानवली आहे. टेका बदलला की आरसेही पुन्हा लावायचे, हे मी दोनदा विसरलोय.

## चौकात नाक आधी पोहोचतं

साध्या सायकलवर डोळे पुढच्या चाकाच्या थोडेसेच मागे असतात. रिकंबंटवर पाय आणि बूम डोळ्यांच्या सव्वा ते दीड मीटर पुढे. म्हणजे उभ्या गाड्यांच्या आडून चौकात डोकवायचं तर आधी तुमचे पाय रहदारीत जातात, मग डोळे. मोटारीसारखंच हे, फक्त मोटारीच्या नाकाला पत्रा असतो आणि तुमच्या नाकाला बोटं.

उपाय रस्त्यावरच्या जागेचा आहे. कडेला खेटून चाललात तर उभ्या गाड्या आणि कुंपणं तुम्हाला झाकतात, तुमची नजरही झाकतात, वर एखादा दरवाजा उघडला तर तो नेमका तुमच्या चेहऱ्याच्या पातळीवर. एक-दीड मीटर आत चाला, सरळ रेषेत चाला, चौकाआधी वेग टाका. हळू चालणारं वाहन लेनच्या आत चालवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, ते मला कळतं. पण तिथे मागचा लवकर बघतो आणि आडव्या रस्त्यावरून येणाराही.

## आणि पडलोच तर?

पडणं कमी उंचीवरून असतं, म्हणून बरंच सौम्य. समोर धडक झाली तर डोक्याआधी पाय जातात. करकचून ब्रेक लावला तर साध्या सायकलसारखं हँडलवरून उलटं जाण्याची भीती फार कमी, कारण वजन खाली आणि मागे असतं. उलट तुम्ही इतक्या चटकन थांबाल की मागच्याला ते झेपणार नाही. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी, चालकाला भानावर यायला दीड सेकंद लागला तर ब्रेकला पाय लागायच्या आतच २१ मीटर पुढे आलेली असते. ब्रेकआधी आरसा बघायचा तो यासाठी.

एक धोका मात्र ट्राइकचा खास आहे, आणि दुकानात पहिल्यांदा बसवताना तो सांगितला जातोच असं नाही. चालत्या ट्राइकवर पाऊल पेडलवरून घसरून जमिनीला टेकलं, तर सायकल पुढे जाते, पाय मागे ओढला जातो आणि चौकटीच्या आडव्या नळीखाली अडकतो. घोटा आणि गुडघा दोन्ही मोडू शकतात. सायकल पायांना टेकू देत नाही, पायच पेडलला लटकलेले असतात, म्हणून बधिर झालेलं पाऊल इथे नुसतं त्रासाचं नसतं, ते घसरतं. क्लीट किंवा निदान टाचेला धरणारा पट्टा असल्याशिवाय ट्राइक हलवू नका, गल्लीच्या टोकापर्यंत सुद्धा.

## इतकी चांगली, तर सगळीकडे का दिसत नाही?

थोडा दोष इतिहासाचा. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकंबंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि १९१४ पासून अबाधित असलेला ऑस्कर एगचा विक्रम मोडला. फॉर पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता, त्यामुळे गहजब झाला. १९३४ मध्ये सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की रिकंबंट बाहेर पडली. शर्यती नाहीत म्हणून मोठे कारखाने नाहीत, म्हणून किंमत उतरत नाही. बाकीची कारणं साधी आहेत: लांब असते, जड असते, जिन्यावरून नेता येत नाही, आणि दुचाकी रिकंबंट सुरू करताना पहिले दोन दिवस दारुड्यासारखी झोकांड्या खाते.

## तुमचा कोन कोणता?

माझं मत: गर्दीच्या रस्त्यासाठी ५५ ते ६५ अंश, मोकळ्या लांब रस्त्यासाठी त्याहून कमी. नितंब दुखत असतील म्हणून टेका मागे घेण्याआधी सीटच्या तळाची पुढची कड थोडी उचलून बघा, पट्ट्या बघा, गिअर बघा. एवढं करूनही दुखलं तर दोन-तीन अंशांनीच मागे जा. कोन मोजायला फोनमधली लेव्हल पुरते, टेक्यावर फोन उभा धरायचा.

मग एक प्रयोग करा. मोकळ्या जागी तुमच्या सायकलवर घरातल्या कोणाला तरी बसवा आणि स्वतः बंद मोटारीत चालकाच्या जागी बसा. मग सायकलवाल्याला हळूहळू मोटारीच्या नाकाकडे सरकायला सांगा, कधी सरळ पुढून, कधी बाजूने. माझ्या जागी मी भावाला बसवलं होतं. तीन मीटरवर त्याचं हेल्मेट दिसत होतं, दोनवर नुसती झेंड्याची पिशवी. तो खालून हात हलवत होता म्हणे. त्या संध्याकाळी मी टेका दोन खाचा वर घेतला, आणि मग आरसे लावत बसलो.